घारापुरीची लेणी पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी पाहुणे आले की मुंबई दाखवायचं काम माझ्याकडे येतं आणि त्यात घारापुरी हमखास असते. त्यामुळे पुढचे बहुतेक प्रश्न मी बोटीत, पायऱ्यांवर किंवा थेट सदाशिवासमोर (लेण्यातलं तीन मुखांचं मोठं शिवशिल्प) ऐकलेले आहेत. काही माझे स्वतःचे आहेत, पहिल्या फेरीत पडलेले.

घारापुरी आणि एलिफंटा एकच का?

एकच. बेटाचं नाव घारापुरी, पोर्तुगीजांनी ठेवलेलं नाव एलिफंटा. धक्क्याजवळ त्यांना दगडात कोरलेला मोठा हत्ती दिसला, त्यावरून. तो हत्ती आता बेटावर नाही. त्याची गोष्ट अगदी शेवटच्या उत्तरात आहे. बेट मुंबईच्या बंदरात असलं तरी ते रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या तिथे आहेत.

तिथे देऊळ आहे की नुसतं पर्यटनस्थळ?

बांधणाऱ्यांच्या, म्हणजे कोरणाऱ्यांच्या मनात ते शिवाचं देऊळच होतं. आज ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे आणि १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पुजारी नाही, रोजची पूजा-आरती नाही, नारळ-फुलांची दुकानं नाहीत. तरी गाभाऱ्यात शिवलिंग आहे आणि बेटावरच्या व उरणकडच्या लोकांच्या लेखी तो देव आहेच. महाशिवरात्रीला भाविकांची रीघ लागते. तेव्हा शिल्पं निवांत बघायची असतील तर तो दिवस सोडा. माणसं बघायची असतील तर तोच दिवस धरा.

कुठल्या दिवशी बंद असतं?

सोमवारी. हे दोनदा वाचा. सोमवारीही गेटवेवर बोटी दिसतात, 'चला, चला' अशी हाकही येते, पण ती बंदरातून चक्कर मारून आणणारी फेरी असते. पहिल्या वेळी मी दोन मावश्यांना आणि डब्यातल्या पुरणपोळ्यांना घेऊन सोमवारीच गेले होते. पुरणपोळ्या आम्ही गेटवेसमोरच्या कठड्यावर बसून खाल्ल्या. (अजिंठाही सोमवारी बंद असतं, वेरूळ मात्र मंगळवारी. एका सहलीत सगळं बसवणाऱ्यांनी हे आधीच लिहून ठेवावं.)

जायचं कसं? किती वेळ लागतो?

अपोलो बंदरावरून, म्हणजे गेटवे ऑफ इंडियापासून बोट. अंतर साधारण १० ते ११ किलोमीटर, वेळ तासभर. सकाळी नऊच्या सुमारास बोटी सुरू होतात आणि दुपारी दोनच्या आसपास जाणारी शेवटची बोट सुटते. परतीची शेवटची बोट साडेपाचच्या सुमारास. तिकीट जाण्यायेण्याचं मिळतं. ते नीट ठेवा, कारण परत येताना दाखवावं लागतं. शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलेलं तिकीट वाऱ्यानं उडून समुद्रात गेलेलं मी पाहिलं आहे. गृहस्थ आधी तिकिटाकडे आणि मग बायकोकडे बघत होते.

बोटीच्या वरच्या मजल्यावर बसायचे थोडे पैसे वेगळे मागतात. हिवाळ्यात जरूर द्या. एप्रिल-मे महिन्यात खाली सावलीत बसणंच शहाणपणाचं.

वाटेत बघण्यासारखं काही आहे?

आहे की. बोट सुटली की मागे गेटवे आणि ताज लहान होत जातात. ही मुंबई आपण एरवी फोटोतच पाहिलेली असते. मग नांगरलेली जहाजं, तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप, उत्तरेला अटल सेतूची लांबलचक रेघ आणि पलीकडे न्हावा-शेव्याच्या क्रेन. नौदलाच्या जहाजांकडे कॅमेरा रोखू नका. सीगल असले तर पोरं त्यांना कुरमुरे टाकतात. ते कुरमुरे पक्ष्यांच्या काही कामाचे नसतात.

बोट लागते का?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी सहसा नाही. बंदराच्या आतलं पाणी आहे, उघडा समुद्र नव्हे. ज्यांना एसटीही लागते त्यांनी खालच्या मजल्यावर मध्यभागी बसावं, नजर क्षितिजावर ठेवावी आणि मोबाइलमध्ये डोकं घालू नये. रिकाम्या पोटी किंवा वडापाव ठासून, दोन्ही अवस्थांत जाऊ नये.

बोटीचा प्रवास सुरक्षित आहे का?

१८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची एक स्पीडबोट घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि दहापेक्षा जास्त माणसं दगावली. तेव्हापासून लाइफ जॅकेटबद्दल कडक धोरण आहे. जॅकेट दिलं तर उशीसारखं मांडीवर न ठेवता अंगात घाला, पट्टे बांधा. दिलं नाही तर मागून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बोटीत माणसं कोंबलेली दिसली तर पुढची बोट धरा. गर्दीच्या दिवशी बोटी एकामागून एक सुटतात.

पावसाळ्यात जाता येतं?

समुद्र खवळला की बोटी बंद होतात आणि जून ते ऑगस्टमध्ये तो कधी खवळेल याचा नेम नाही. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी या महिन्यांत घारापुरीच्या भरवशावर बेत आखू नये. मुंबईत राहणाऱ्यांना मात्र सप्टेंबरअखेरीचा एखादा उघडीप असलेला दिवस सुचवेन. डोंगर हिरवागार असतो, दगड ओला असतो आणि लेण्याच्या तोंडावरून पाण्याच्या धारा ठिबकत असतात.

तिकीट किती?

लेण्यांचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्यांना ६०० रुपये. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त पडतं आणि रांग टळते. याशिवाय बेटावर उतरल्यावर ग्रामपंचायतीचा किरकोळ कर असतो, त्यासाठी सुटे पैसे हाताशी ठेवा. बोटीचं भाडं वेगळं. परदेशी पाहुणा बरोबर असेल तर ४० आणि ६०० मधला फरक त्याला निघण्यापूर्वीच सांगून टाका. खिडकीवर उभं राहून सांगायला अवघड जातं.

किती चालावं लागतं? आईचे गुडघे दुखतात.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत लांबच लांब सपाट वाट आहे. तिथे छोटी आगगाडी धावते. ती चालू असेल तर बसावं, पोरांना तेवढीच मजा. खरी परीक्षा नंतर: सुमारे १२० पायऱ्या. चढ फार उभा नाही, पण सलग आहे. दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्र्या असल्यामुळे ऊन लागत नाही. कुठेही थांबून माळा, मूर्ती, टोप्या बघण्याचं नाटक करत दम घेता येतो. ते नाटक दुकानदारांनाही पाठ आहे.

ज्यांना चढणं शक्यच नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. खुर्चीला दांडे लावलेले असतात आणि चौघं खांद्यावर उचलतात. भाव आधी ठरवा, जाण्यायेण्याचा मिळून ठरवा. आमच्या आत्यांना डोलीत बसायची फार लाज वाटत होती. वर पोचल्यावर त्या म्हणाल्या, "लग्नातसुद्धा मला कुणी असं मिरवलं नव्हतं." चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला मात्र हे ठिकाण अवघड आहे, हे सरळ सांगितलेलं बरं. वरच्या लेण्यात जमीन बरीचशी सपाट आहे, पण तिथवर पोचायची सोय डोलीशिवाय नाही.

चपला काढायच्या का? कपड्यांचा काही नियम?

काढायची सक्ती नाही. बहुतेक जण पायात घालूनच फिरतात. लिंगाच्या गाभाऱ्याच्या पायऱ्या चढताना बरेच जण आपणहून काढतात. मीही काढते. तुम्ही काढल्या नाहीत तर कुणी ओरडणार नाही, पण समोर कुणी हात जोडून उभं असेल तर जरा बाजूला थांबा, फोटो नंतर काढा. कपड्यांचा नियम नाही. धर्म, जात, पाळी यांची चौकशी कुणी करत नाही.

पूजा करता येते का? दूध, बेल वाहिला तर चालतं?

नमस्कार करा, मनातल्या मनात स्तोत्र म्हणा. दूध, तेल, कुंकू, अगरबत्ती मात्र नको. दगड सच्छिद्र असतो, त्यावर ओशट थर बसला की धूळ चिकटते आणि तो काढताना दगडही झिजतो. शिल्पांना हात लावू नका हेही त्याच कारणासाठी. हजारो हातांचा घाम लागून गुळगुळीत काळे झालेले खांब तुम्हाला तिथेच दिसतील.

लेणी किती आहेत? सगळी बघायची का?

दोन टेकड्या आणि मिळून सात लेणी. पश्चिमेकडच्या टेकडीवर शैव लेणी, पूर्वेकडच्या टेकडीवर बौद्ध अवशेष आणि विटांचा स्तूप. माणसं ज्यासाठी येतात ते सगळं पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. बाकीची बरीच अपुरी, पडझड झालेली. वेळ असेल तर त्यांच्यापुढून चालत जा. अर्धवट सोडलेल्या भिंतीवर छिन्नीचे घाव दिसतात आणि तयार लेण्यात न कळणारी गोष्ट तिथे कळते: हे सगळं वजा करत गेलेलं काम आहे. दगड आणून रचलेला नाही, डोंगरातून नको तेवढा काढून टाकलेला आहे. एक चूक झाली की ती बुजवायची सोय नाही.

कोणी कोरली? पांडवांनी एका रात्रीत, हे खरं का?

आपल्याकडे प्रत्येक लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं असतं. घारापुरीच्या बाबतीत बाणासुराचंही नाव घेतात. अभ्यासक मुख्य लेण्याचा काळ इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास धरतात आणि बहुतेकांचा कौल कलचुरी घराण्याकडे, त्यातही कृष्णराजाकडे जातो. हा राजा पाशुपत शैव परंपरेतला आणि त्याची नाणी बेटावर सापडलेली आहेत. इथे राजाचं नाव सांगणारा शिलालेख मात्र नाही. एक होता, पोर्तुगीजांनी तो काढून पोर्तुगालला पाठवला आणि तो हरवला. मी तर म्हणेन, घारापुरीची सगळ्यात मोठी मोडतोड तीच. हात तुटलेल्या मूर्तीचा अंदाज बांधता येतो, हरवलेल्या ओळींचा नाही.

आणखी एक धागा आहे. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या ऐहोळे शिलालेखात, म्हणजे ६३४ साली, पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या 'पुरी' नगरीवर त्यानं शेकडो जहाजांनिशी चाल केल्याचं वर्णन आहे. ही पुरी म्हणजेच घारापुरी असं काही जण मानतात, काही जण दुसऱ्या जागा सुचवतात. परतीच्या बोटीत वाद घालायला चांगला विषय आहे.

मूर्ती इतक्या तुटलेल्या का?

पोर्तुगीज सैनिकांनी नेमबाजीसाठी मूर्ती वापरल्याचं सांगतात. नटराजाचे हात-पाय, अंधकासुरवधातला कमरेखालचा भाग, रावणाचा पट पाहिलात की ते सहज पटतं. पण सगळं त्यांच्या माथी मारू नये. साडेचौदाशे वर्षांचा पाऊस, खारा वारा आणि खडकातून झिरपणारं पाणी यांनीही आपलं काम केलं आहे. लिंगाचा गाभारा आणि सदाशिव यांना त्या मानानं कमी इजा झाली.

आत गेल्यावर नेमकं काय बघायचं? सगळीकडे शंकरच दिसतो.

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी उंबऱ्याच्या आत येऊन दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहा. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आत फक्त खांब दिसतात. वर दाबलेल्या गिरदीसारखे खोबणीदार गोल माथे, खाली चौकोनी बुंधे. खांबांच्या रांगांतून समोरच्या काळोखात तीन मोठे चेहरे हळूहळू वर येतात. घाईनं फ्लॅश मारून पुढे गेलेल्याला हे दिसतच नाही. तुमचं मुख्य दार उत्तरेला आहे, त्यामुळे सदाशिवावर थेट ऊन कधी पडत नाही. उजेड पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या अंगणांतून तिरका आत येतो आणि दिवसभर सरकत राहतो. सकाळी एक गाल उजळलेला असतो, दुपारनंतर दुसरा.

या लेण्याला दोन अक्ष आहेत. उत्तरेकडून सरळ चाललात की सदाशिवापाशी पोचता. पूर्वेच्या अंगणातून सरळ चाललात की पश्चिमेच्या लिंगापाशी. एका वाटेनं देवाचं रूप, दुसरीनं देवाची खूण. हे ध्यानात ठेवलंत तर खांबांच्या गर्दीत वाट चुकत नाही.

आता भिंतींवरचे पट. ते सुटे सुटे बघू नका, समोरासमोर लावून बघा. उत्तरेच्या दाराशीच एका बाजूला नटराज, दुसऱ्या बाजूला योगीश्वर: एक नाचतोय, दुसरा पद्मासनात निश्चल. नटराजाचे हात गेले आहेत, पाय गेले आहेत, तरी कमरेला घेतलेला झोक असा आहे की आपलं अंगही नकळत तिकडे कलतं. एका बाजूला नागाचा वेढा घातलेला परशू अजून शाबूत आहे, तो शोधा.

पूर्वेच्या बाजूला एका भिंतीवर शिव-पार्वती कैलासावर बसले आहेत, बहुधा सारीपाट खेळताहेत, आणि पार्वतीनं मान वळवली आहे. समोरच्या भिंतीवर रावण तोच कैलास उचलतोय. घरात रुसवा चाललाय आणि खालून कुणी घरच हलवतंय! रावण आता जवळजवळ ओळखू येत नाही. त्याच्या पाठीचा आकार आणि वरच्या गणांची धांदल यावरून तो लावून घ्यावा लागतो.

पश्चिमेला, लिंगाच्या गाभाऱ्याजवळ, अशीच दुसरी जोडी. एकीकडे अंधकासुराचा वध: सुळे बाहेर आलेला शिव, पाठीमागे पसरलेलं हत्तीचं कातडं, एका हातात तलवार आणि दुसऱ्यात रक्ताचा थेंब जमिनीवर पडू नये म्हणून धरलेला वाडगा. थेंब पडला की त्यातून नवा अंधक उठतो, म्हणून वाडगा. त्याच्या अगदी समोर, चार पावलांवर, लग्न लागतंय. कल्याणसुंदर. पार्वती शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे, म्हणजे विधी अजून पुरा झालेला नाही. आपल्याकडेही नवरी त्यानंतरच डावीकडे येते. मान किंचित खाली, वडील मागून अलगद पुढे करताहेत, ब्रह्मदेव भटजी होऊन बसलेत. मुलीला पुढे सारणाऱ्या त्या बापाच्या हाताकडे बघताना आमच्या मावशींनी पदर डोळ्यांना लावला होता. शिल्पाला यापेक्षा मोठी दाद काय मिळणार?

सदाशिवाच्या दोन्ही अंगांना दोन पट आहेत. तुमच्या डावीकडे अर्धनारीश्वर. नंदीवर टेकलेला अर्धा देह शिवाचा, हातात आरसा धरलेला अर्धा पार्वतीचा. कमरेची रेघ एका बाजूनं सरळ आणि दुसरीनं वळण घेऊन उतरते, आणि तरी शरीर एकच वाटतं. उजवीकडे गंगाधर. वर बघा, गंगा तीन देहांची येते. खाली पार्वती शेजारीच उभी, पण नजर भलतीकडे. ज्यांच्या घरी सवत नाही त्यांनाही हा भाव ओळखू येतो.

आणि मधोमध सदाशिव, सुमारे २० फूट उंच. फक्त डोकी आणि खांदे. उरलेला देव डोंगराच्या आतच राहिला आहे. लोक त्याला त्रिमूर्ती, म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणतात. पण तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. तुमच्या डावीकडचं मिशीवाल्या उग्र अघोराचं. उजवीकडचं वामदेवाचं, उमेसारखं कोवळं, हातात कमळ. मधलं तत्पुरुष, डोळे मिटलेले. चौथं मुख मागे, खडकात, असं मानायचं. समोर जमिनीवर बसता आलं तर बसा. मी पाहुण्यांना इथे वीस मिनिटं बसवते. पहिली पाच चुळबुळीत जातात.

लिंगाच्या गाभाऱ्याला चार दारं कशाला?

सर्वतोभद्र म्हणतात या रचनेला. देव चारही दिशांना खुला. प्रत्येक दाराला दोन, म्हणजे एकूण आठ द्वारपाल आहेत, माणसाच्या दुपटीहून उंच. बाहेरून प्रदक्षिणा घालताना त्यांचे चेहरे एकेक करून बघा. आठही सारखे नाहीत. काहींचे चेहरे राहिलेले नाहीत, पण खांद्यांवरूनही स्वभाव कळतो.

पूर्वेच्या अंगणात जावं का?

जावं. बहुतेक जण सदाशिवाबरोबर सेल्फी काढून पायऱ्या उतरतात, त्यामुळे तिथे शांतता असते. पायऱ्यांवर दोन सिंह आहेत, आत देवीमातृका, त्यांच्या सोबतीला गणपती आणि कार्तिकेय. मधला गोल चौथरा बहुधा नंदीचा. कंटाळलेल्या पोरांना 'गणपती शोधा' म्हणून पाठवायला उत्तम जागा.

फोटो काढता येतात? ड्रोन?

मोबाइलनं आणि साध्या कॅमेऱ्यानं काढता येतात, फ्लॅश नको. ट्रायपॉडला आगाऊ परवानगी लागते. ड्रोनचा विचारही करू नका, बंदर आणि नौदलाचा परिसर आहे.

गाइड घ्यावा का?

शिल्पांच्या गोष्टी घरच्या कुणाला सांगता येत असतील तर गरज नाही. नसतील तर घ्या, पण आधी दोन प्रश्न विचारा: किती वेळ द्याल आणि लिंगाच्या गाभाऱ्यापर्यंत न्याल का? वीस मिनिटांत 'हा शिवा, ही पार्वती, इकडे फोटो' करणारेही असतात. गाइड सदाशिवाला ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणाला तर भांडू नका. तो ऐकणाऱ्याला जे आवडतं ते सांगतो.

माकडं फार त्रास देतात का?

हातात पिशवी, बाटली, कणीस यांपैकी काही असेल तर देतात. सरबताच्या रंगीत बाटल्या त्यांना पक्क्या ओळखता येतात. आमच्या भाच्याच्या हातातली बाटली एका माकडानं घेतली, दातानं झाकण उघडलं, अर्धी प्यायलं आणि उरलेली त्याच्यासमोर ठेवून निघून गेलं. खाणं पिशवीत, पिशवी बंद, हात मोकळे. दात दाखवले तर डोळ्याला डोळा न भिडवता सावकाश मागे सरा.

खायला-प्यायला काय मिळतं? मुक्काम करता येतो?

वाटेवर गावातल्या बायका मीठ-तिखट लावलेली काकडी, कैरी, मोसमात बोरं-चिंचा विकतात. जेवणासाठी छोटी हॉटेलं आहेत, मासळीची थाळी मिळते. पाणी घरून भरून न्या. ही वस्ती पर्यटकांवर जगते, तरी २०१८ च्या फेब्रुवारीपर्यंत तिथे कायमची वीज नव्हती. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून ती आली. समोर रात्रभर मुंबई झगमगायची आणि इकडे काही तास जनरेटर. दोन-पाच रुपयांसाठी तिथल्या मावशीशी घासाघीस करताना हे आठवलं तर आठवा. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही.

एकूण किती वेळ धरावा?

गेटवे ते गेटवे पाच-सहा तास. त्यातला दीड-दोन तास मुख्य लेण्याला. सकाळची पहिली किंवा दुसरी बोट घेतली तर वर अर्धा तास तरी गर्दी नसते. दुपारी दोनच्या बोटीनं जाऊ नका. सगळा वेळ घड्याळाकडे बघण्यात जातो. डोंगरमाथ्यावर दोन जुन्या तोफा आहेत. चढायची हौस आणि पाणी दोन्ही शिल्लक असेल तर तासभर आणखी.

समुद्र नको असेल तर मुंबईत दुसरं काही?

जोगेश्वरीचं लेणं. काळ घारापुरीच्या जवळचाच, आत देवीची रोजची पूजा चालते, वर आणि भोवती दाट वस्ती. बोरिवलीचं मंडपेश्वरही पाहा. तिथे शैव लेण्यावर पोर्तुगीजांनी चर्च बांधलं होतं, त्याचे अवशेष अजून आहेत. या दोन्ही ठिकाणी देव जागते आहेत, तेव्हा तिथे चपला बाहेर. घारापुरी पाहून झाल्यावर कधी वेरूळला गेलात तर फक्त कैलास बघून परतू नका, २९ क्रमांकाच्या धुमार लेण्यात जा. मांडणी इतकी सारखी आहे की आपण पुन्हा बेटावरच आलो असं क्षणभर वाटतं.

मग तो हत्ती कुठे गेला?

भायखळ्याला. १८६४ मध्ये तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेननं दगा दिला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत राहिले, १९१४ मध्ये जोडले गेले आणि आता राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी तो उभा आहे. सांधे दिसतात. घारापुरीहून परतलात त्याच दिवशी जमणार नाही, उशीर होतो. दुसऱ्या दिवशी जा, फक्त बुधवार टाळा. त्या दिवशी राणीची बाग बंद असते.